एकवीस नंबरचे बटण

४ डिसेंबर २०२३, सोमवार

सकाळी साडेनऊला दुकान उघडले. बायको गेल्यापासून पंचवीस दिवस बंद होते. दिवसभरात एका ग्रामपंचायतीचा गोल शिक्का, दोन नंबरप्लेट आणि एक लॅमिनेशन झाले. दुपारी डबा खाल्ला. तृप्तीने वांग्याची भाजी दिली होती. मीठ जास्त होते, पण तिला सांगणार नाही.

चारच्या सुमारास कृष्णराव आले. चंद्रकांता ज्या शिक्षण संस्थेच्या कार्यालयात अठरा वर्षे टेलिफोनवर बसली, तिथले ते अधीक्षक. त्यांना सगळे बडेबाबू म्हणतात. तेरवीलाही आले होते.

"दुकान उघडलं, बरं केलं जी इश्वरभाऊ," ते म्हणाले. "घरी बसून माणूस खराब होते."

मग काम सांगितले. कार्यालयात चोवीस नवीन टेबलफोन आले आहेत. प्रत्येक फोनला चोवीस बटणे. कोणते बटण दाबले की कोणाकडे घंटी वाजते, ते कागदाच्या पट्टीवर लिहून प्लास्टिकच्या झाकणाखाली सरकवावे लागते.

"जुन्या फोनच्या पट्ट्या बाईच लिहीत होती. तिच्यासारखं अक्षर कोणाचं नाही. आता तुम्हीच छापून देऊन टाका."

मी हो म्हणालो. मजुरी नको म्हणालो. ते एकदाच "असं कसं" म्हणाले. जाताना शटरपाशी थांबले.

"पोरीचा कागद सचिव साहेबाच्या टेबलावर आहे. काम साजरं झालं तं साहेबाच्या डोळ्यात राहीन."

संस्थेची पद्धत अशी की नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला घेतात. तृप्ती बी.कॉम. आहे. नागपूरला एका दवाखान्यात रिसेप्शनचे काम मिळत होते, ते तिने सोडले. म्हणते, "मले आईचीच खुर्ची पाहिजे. दुसरी नको." तिची एवढी एकच इच्छा आहे आणि माझीही.

६ डिसेंबर, बुधवार

नमुन्याचा एक फोन दुकानात आणला. कॅलिपरने मोजले. एका बटणाची खाच साडेसतरा मिलिमीटर लांब, सहा मिलिमीटर उंच. बारा-बारा बटणांच्या दोन पट्ट्या. चोवीस फोन म्हणजे अठ्ठेचाळीस पट्ट्या.

आधी फोनचा नंबर आणि पुढे नाव अशी मांडणी केली. "परीक्षा विभाग" बसते, "शारीरिक शिक्षण" बसत नाही. सहा पॉइंटपेक्षा लहान अक्षरात जोडाक्षर बुजते. साधा कागद आत सरकवताना दुमडतो, म्हणून एकशेवीस जीएसएमचा जाड घेतला. पहिली पट्टी अर्धा मिलिमीटर तिरपी कापली गेली. आत घातली तेव्हा बाराव्या बटणाचे नाव अकराव्यावर चढले. पुन्हा छापली. स्टीलची पट्टी धरून नव्या ब्लेडने कापली, तेव्हा बसली.

चंद्रकांता हे हाताने कसे लिहीत होती कळत नाही. दुखणे असताना तिची बोटे सुजायची.

९ डिसेंबर, शनिवार

नमुना घेऊन कार्यालयात गेलो. तिथे क्रमावरून भांडण झाले. पहिले बटण सचिव साहेबांचे, यावर सगळे एक. दुसरे कोणाचे?

"हिशेब शाखा दुसरी पाहिजे," कुलदीप म्हणाले. ते अकाउंटंट आहेत, पस्तिशीचे. "पगार कोण काढते?"

"अन् परीक्षा नाही झाल्या तं पगार कायचा काढता जी?" परीक्षा विभागाच्या डिंपल मॅडम म्हणाल्या.

"मॅडमचं नाव छोट्या अक्षरात घ्या भाऊ. अन् माह्यं बोल्ड करा. टेन्शन मत लो, मी चहा पाजतो."

सगळे हसले. मलाही बरे वाटले. शेवटी बडेबाबूंनी पदाप्रमाणे क्रम लिहून दिला. नंबर जुनेच राहिले; एकवीस, म्हणजे चंद्रकांताचा, शेवटून दुसऱ्या बटणावर आला. त्याच्याखाली फक्त शिपाई धनीराम.

"एकवीससमोर काय लिहू?" मी विचारले.

"सध्या स्वागत कक्ष लिहा," बडेबाबू म्हणाले.

कुलदीप डिंपल मॅडमच्या कानाशी काही बोलले. त्या तोंडावर हात धरून घाईने बाहेर गेल्या. त्यांना चंद्रकांताची आठवण आली असावी. इतकी वर्षे शेजारी बसल्या.

तिच्या टेबलावर नव्या फोनचे रिकामे खोके रचले होते.

१३ डिसेंबर, बुधवार

पट्ट्या पूर्ण झाल्या. आज त्या बसवायला गेलो. जुने चोवीस फोन भिंतीशी मांडून ठेवले होते, कंपनी ते परत नेणार. त्यांच्यातल्या जुन्या पट्ट्या मी मागितल्या. तिच्या हातच्या आहेत, घरी ठेवाव्या असे वाटले.

धनीराम म्हणाला, "राहू द्या ना भाऊ. मी काढून देतो उद्या. धुळीत कायले बसता?"

मी म्हणालो, मीच काढतो. तो म्हणाला, "जुने कागद आहेत जी, काय ठेवता त्यात." तरी मी बसलो. तो जवळच उभा राहिला. नंतर खिडकीकडे तोंड केले.

सचिव साहेबांच्या फोनमध्ये एकवीससमोर "चंद्रकांता" लिहिलेले. बडेबाबूंच्याही. हिशेब शाखेच्या फोनमध्ये एकवीससमोर "सलाईन" लिहिले होते. मला वाटले आजारी मुलांसाठी खोली वगैरे असेल. पुढच्या फोनमध्ये वीस ग्रंथालय, एकवीस सलाईन, बावीस भांडार. मग मी नीट पाहिले. चोवीसपैकी सात फोनांवर तसे आहे. दोन हिशेब शाखेचे, तीन परीक्षा विभागाचे, एक भांडाराचा, एक आवक-जावकचा.

अक्षर तिचेच आहे. तिचा ल मी कुठेही ओळखतो.

सगळ्या पट्ट्या पाकिटात घातल्या. नवीन पट्ट्या बसवल्या. बडेबाबू म्हणाले, "वा! छापील ते छापीलच." मी घरी आलो.

१४ डिसेंबर, गुरुवार

दुकानात काम नव्हते. सात पट्ट्या काचेवर मांडून पाहिल्या. तिला प्रत्येक कागदाच्या मागे तारीख टाकायची सवय होती. सातही पट्ट्यांच्या मागे ऑगस्ट २०२२ आहे.

त्या जुलैत तिला सिकलसेलचा, तिच्या रक्ताच्या आजाराचा, मोठा त्रास झाला होता. चार दिवस भरती होती, सलाईन लागले होते. परत कामावर गेली आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी दुकानात आली. माझा बारीक टोकाचा पेन मागितला. त्या स्टुलावर बसून लिहीत होती. मी विचारले, काय आहे? म्हणाली, "ऑफिसचं काम. फोनचे कागद बदलवा लागते." थोड्या वेळाने एक पट्टी माझ्यापुढे धरली आणि विचारले, "बरोबर दिसते काय जी?"

मी पाहिले. मी म्हणालो, "ल थोडा मोठा झाला."

तिने तो खोडून पुन्हा लिहिला. तीच पट्टी आता समोर आहे. खोडल्याचे दिसते. मी अक्षराचे वळण पाहिले होते. काय लिहिले आहे ते वाचले नव्हते. आमच्या धंद्यात तसे होते. शिक्क्यावर काय लिहिले आहे ते माणूस वाचत नाही, उलटे-सुलटे तेवढे पाहतो.

एकत्र काम करणारे लोक मस्करी करतात. तेरवीला कुलदीपनी जेवणाच्या पंगतीत वाढले होते. डिंपल मॅडम तृप्तीला पोटाशी धरून रडल्या होत्या. वाईट मनाचे लोक असे करत नाहीत. कदाचित चंद्रकांतानेच गमतीने लिहिले असेल.

पण ती गंमत करणाऱ्यांतली नव्हती.

१८ डिसेंबर, सोमवार

दुपारी कार्यालयासमोरच्या टपरीवर धनीराम भेटला. त्याला चहा दिला. विचारले, "ते नाव कोणी ठेवले?"

"कोणतं नाव जी?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्याने अर्धा चहा संपवला. "भाऊ, मी मार्चमधी रिटायर होऊन राहिलो. मले कायले विचारता?"

मला गप्प बसता येते. मग तोच बोलला.

"सुट्टी घेतली की म्हणत, सलाईन गेली भरायले. परत आली की म्हणत, सलाईन फुल. मग नवीन पट्ट्या लिहाच्या होत्या तं कुलदीप साहेबानं म्हटलं, बाई, आमच्या फोनवर तसंच लिहा, आम्हाले सापडाले सोपं जाते."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणन? हसली."

"नेहमी हसायची?"

"लोकायसमोर," धनीराम म्हणाला आणि कप ठेवून गेला.

घरी आल्यावर तृप्तीने विचारले, "बाबा, कागदाचं काय झालं?" मी म्हणालो, होईल. पट्ट्यांचे पाकीट शिक्क्यांच्या रबराच्या डब्यात ठेवले आहे. तिला दिसू नये.

२२ डिसेंबर, शुक्रवार

बडेबाबूंनी बोलावले. जाताना त्या सात पट्ट्या शर्टच्या खिशात घेतल्या. त्यांच्यासमोर ठेवायच्या आणि विचारायचे असे ठरवले होते. वाक्यसुद्धा ठरवले होते.

तृप्तीची फाइल त्यांच्यापुढे उघडी होती. दार लोटलेले. आम्ही दोघेच.

"साहेब तयार आहेत," ते म्हणाले. "फक्त एक गोष्ट विचारत होते. मी म्हटलं, मी इश्वरभाऊले विचारतो, ते खोटं बोलणार नाहीत. पोरीले बी आईचंच आहे काय जी?"

मी सांगितले. तिची तपासणी शाळेत असतानाच झाली. चंद्रकांताचे कार्ड लाल होते, म्हणजे आजार. तृप्तीचे पिवळे आहे. पिवळे म्हणजे रक्तात आहे, पण त्रास नाही. दिवसभर धान रोवले तरी काही होत नाही. फक्त लग्नाच्या वेळी मुलाची तपासणी करावी लागते. मी एवढे सलग कधी बोलत नाही. बडेबाबू मान हलवत ऐकत होते. मला बोलून हलके वाटले.

"म्हणजे टकाटक आहे पोरगी. बस, झालं," ते म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे आपल्या दोघातच राहीन."

पट्ट्या खिशातच राहिल्या. फाइल समोर उघडी असताना त्या काढणे बरोबर दिसले नसते. हे कारण खरे आहे की मी घाबरलो, ते मला सांगता येत नाही.

१ जानेवारी २०२४, सोमवार

आदेश आला. तृप्ती ईश्वर सेलोकर, दूरध्वनी चालक, सहा महिने परिवीक्षा. माझ्या नावातला इ त्यांनी दीर्घ केला आहे, चालेल. आसगावला सासूबाईंना फोन केला. त्या फोनवर रडत राहिल्या. तृप्तीने ताटलीत आदेश ठेवून चंद्रकांताच्या फोटोपुढे ठेवला.

संध्याकाळी चोवीस फोनांच्या पट्ट्या पुन्हा छापल्या. एकवीससमोर "तृप्ती". छोटे नाव आहे, खाचेत मधोमध बसते. दोन्ही बाजूंना सारखी जागा राहते.

२ जानेवारी, मंगळवार

ती पहिल्या दिवशी गेली. सायंकाळी आली ती बोलतच आली. टेबल तेच, खुर्ची तीच. ड्रॉवरमध्ये आईची सेफ्टी पिनची डबी सापडली.

"सगळे साजरे आहेत बाबा. डिंपल मॅडमनं जेवताना बोलावलं. कुलदीप सर तं लयच हसवतेत."

मी बरं म्हणालो. जेवण चांगले झाले.

९ जानेवारी, मंगळवार

तृप्ती दोन दिवस कमी बोलते आहे. विचारले तर म्हणते, काम शिकून राहिली. आज तिने कपाटातली कागदांची पिशवी काढली, आपले पिवळे कार्ड शोधले आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवले. कार्यालयात दाखवायला लागत असेल.

११ जानेवारी, गुरुवार

आल्या आल्या तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. दोन खोल्या बदलल्या आहेत, त्यामुळे काही पट्ट्या बदलायच्या. यादी तिनेच टाईप केली होती. नीट केली होती, रकाने सरळ. ग्रंथालय वर गेले, भांडार खाली आले. शेवटी वेगळ्या सात ओळी होत्या. फोन नंबर चौदा, एकवीससमोर "पिवळी". फोन नंबर पंधरा, एकवीससमोर "पिवळी". असे सात फोन.

मी पूर्ण वाचले. या वेळी वाचले.

"हे काय आहे?"

"मस्करी आहे बाबा. तसंच छापा."

"कोणी सांगितले?"

"सगळ्याईनं." तिने चप्पल काढून कोपऱ्यात लावली. "कुलदीप सर म्हणे, तुह्या आईनं बी आम्हाले अशाच लिहून देल्ल्या होत्या, हसत हसत. तिचं नाव सलाईन होतं म्हणे. तुम्हाले माहीत होतं?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळले नसेल.

"मी बी हसली मग," ती म्हणाली.

मी म्हणालो, उद्या जाऊन बोलतो. ती एकदम जोरात बोलली. "नाही! काही बोलाचं नाही. सहा महिने आहेत बाबा. मले काढलं तं?"

मग भांडी काढताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्याईले माह्या कार्डाचं कसं कळलं, समजत नाही. डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर असन. नाही?"

"असेल," मी म्हणालो.

"तेच असन," ती म्हणाली. मग वळून माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहत होती. तिला भूक लागली असावी, मी ताटे घेतली.

१२ जानेवारी, शुक्रवार

तिला न सांगता गेलो. ती बाराला टपाल घेऊन सचिव साहेबांकडे जाते ती वेळ धरली.

बडेबाबूंना म्हणालो, "मी फक्त तुम्हाला सांगितले होते."

"अन् मी कोणाले सांगतलं?" ते म्हणाले. त्यांना राग आला नाही. "फाइलवर टिपण लिहा लागते जी. वाहक आहे, प्रकृती उत्तम. भल्याचंच लिहिलं. फाइल चार टेबलावरून जाते. मी काय डोळ्याले पट्टी बांधू लोकायच्या?"

मी त्या सात ओळींचा कागद दाखवला.

"पोट्टे आहेत, मजाक करतेत. तुमच्या बाईनं कधी तोंड वाकडं केलं काय? म्हणून अठरा वर्षं टिकली. पोरीले टिकवाचं आहे की नाही? सहा महिन्यानं कायम करायचा कागद मलेच लिहा लागन. त्यात लिहा लागते, सहकाऱ्यांशी वर्तन कसे."

तेवढ्यात कुलदीप आत आले. माझ्या हातातला कागद पाहिला.

"अरे, भाऊ! झाल्या काय पट्ट्या? एक काम करा ना, ते नाव पिवळ्या रंगातच मारा. कलर प्रिंट!"

"पांढऱ्यावर पिवळे वाचता येत नाही," मी म्हणालो.

ते दोघेही इतके हसले की बाहेरून डिंपल मॅडम पाहायला आल्या. कुलदीपनी त्यांना माझे वाक्य सांगितले. त्याही हसल्या. मी विनोद केला नव्हता. मला तेवढेच सुचले. पण मग माझाही चेहरा हसल्यासारखा झाला, तो मला आवरता आला नाही.

परत येताना मोठ्या पुलाजवळ सायकल धरून उभा राहिलो. मग दुकानात आलो.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. घरी काही केले नाही, चंद्रकांताचे वर्ष आहे. डिंपल मॅडम साडेपाचला दुकानात आल्या. तिळाचा लाडू दिला, सणाचे नेहमीचे बोलल्या.

"झाल्या काय जी?"

"नाही."

"मनाले नका लावून घेऊ भाऊ. मले बी हे लोक भोंगा म्हणतेत. नाव पडलं म्हणजे माणूस आपल्यातला झाला. बाई असती तं तिनंच लिहून देल्लं असतं पोरीचं."

त्यांनी हे प्रेमाने म्हटले. मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहत होतो. प्रेमानेच म्हटले.

त्या गेल्यावर लाडू बराच वेळ काचेवर होता. मुंग्या लागल्या, तेव्हा टाकला.

१६ जानेवारी, मंगळवार

सकाळी ठरवले की सगळ्या चोवीस फोनांना "तृप्ती" छापायचे आणि तेवढेच द्यायचे. कोणी विचारले तर चुकून झाले म्हणायचे. तशा छापल्यासुद्धा. कापल्या. पाकिटात घातल्या.

तीन वाजता तृप्तीचा फोन आला. बाजूला कोणीतरी हसत होते. "बाबा, कुलदीप सर विचारतेत, माह्यं बटण कधी येते? आजच करून टाका ना." आवाज अगदी मोकळा होता. मग फोन ठेवायच्या आधी, हळू, दुसऱ्याच आवाजात म्हणाली, "करून टाका."

चंद्रकांताने सव्वा वर्षात मला एक शब्द सांगितला नाही. मी विचारलेही नाही. तृप्तीने सांगितले, तेव्हा तरी माझ्याने काय झाले? मी तिथे जाऊन त्यांना आणखी एक वाक्य दिले हसायला. आणि ज्या गोष्टीवरून ते हसतात, ती त्यांना मी दिली. हे मी तिला सांगणार होतो. काल सांगणार होतो, परवाही. सांगितले तर तिला राग कोणावर काढायचा ते कळेल, आणि मग ती या घरात कोणाजवळ बसेल? असे मी स्वतःला म्हणतो. खरे म्हणजे तिने मला चांगले समजावे असे मला वाटते. त्यासाठी मी गप्प आहे.

चार वाजता संगणक पुन्हा लावला. सात फोनांची फाइल उघडली. एकवीससमोर "पिवळी" टाईप केले. पहिली वेलांटी आणि शेवटची वेलांटी खाचेच्या वरच्या कडेला लागत होत्या, छापल्यावर त्यांचा माथा कापला गेला असता. अर्धा पॉइंट कमी केला. अक्षरांतली जागा थोडी वाढवली. आता बरोबर बसले. काळ्या रंगात छापले. ब्लेड नवे घेतले.

सात पट्ट्या कापल्या. एकही तिरपी गेली नाही.

१७ जानेवारी, बुधवार

तृप्ती सकाळी निघताना पाकीट घेऊन गेली. दारात उघडून एक पट्टी पाहिली, उजेडाकडे धरली.

"साजरं बसलं," ती म्हणाली.

"वेलांटी लागत होती. अर्धा पॉइंट कमी केला."

"हं."

पट्टी परत पाकिटात ठेवली. पर्सची चेन लावली, ओढून पाहिली. "तुमचं जेवण झाकून ठेवलं आहे," म्हणाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने मागे पाहिले नाही. तिला उशीर झाला होता.

पावणेदहाला नळ आला. धार बारीक होती. आधी पिण्याच्या पाण्याचे दोन पितळी गुंड भरले, मग पाईप लावून टाकी भरली. पाणी वाहू लागले तेव्हा नळ बंद केला, पाईप गुंडाळला आणि खिळ्याला अडकवला.